टेलवरची वेबसाइट

किस्से कुठं साचतात याबद्दल माझं एक निरीक्षण आहे. जिथं एका वस्तूवर दहा जणांचा हक्क असतो, तिथं! सामाईक विहीर, सामाईक बांध, भावाभावांतला ट्रॅक्टर. आमच्याकडं ती वस्तू म्हणजे एक काळं मशीन आहे. धान्याच्या डब्याएवढं, अखंड घुंऽऽ करणारं. त्याच्यावर एकाच वेळी अनेकांच्या वेबसाइट राहतात.

मी दोन वर्षं फिनलंडमध्ये शिकले. तिथं असल्या मशीनांनी भरलेल्या हॉलमधून रोज ये-जा होती. शेकडो मशीनं, आणि किस्सा एकही नाही! बेलापूरला परत येऊन एकच मशीन लावलं, तर आता मैत्रिणी फोन उचलल्या उचलल्या विचारतात, "काय गं केतकी, डबा काय म्हणतोय?"

माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही तेच आहे. गावची माहिती गावात राहिली पाहिजे. कोपरगावच्या माणसाला बेलापूरच्या मंगल कार्यालयाचा हॉल बघायचा असेल, तर तो फोटो समुद्र ओलांडून का यावा? पंचवीस मैलांवरून का येऊ नये? हे मी इतक्या वेळा आणि इतक्या आवेशानं सांगितलं, की रशीदचाचांनी मला त्यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानामागची खोली देऊन टाकली. म्हणाले, "बेटी, जागा घे, पण ते समुद्राचं पुन्हा सांगू नकोस."

आई मात्र विरघळली नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पट कमी झाला की वर्ग बंद होतो, हे तिनं आयुष्यभर पाहिलंय. तिनं तोच नियम मला लावला. "अक्षय्य तृतीयेला त्या डब्याचा पट दहा असला तर राहा. नऊ असला तर पुण्याची नोकरी धरायची. आणि तुझी स्वतःची साइट मोजायची नाही, मास्तर स्वतःला पटावर धरत नाही!"

पुण्याच्या कंपनीनंही तोवर थांबायचं कबूल केलं होतं. म्हणजे सगळ्यांना सगळं स्पष्ट होतं. पुढं जो गोंधळ झाला तो एवढ्या स्पष्टपणातून झाला!

*

पहिले आले भाऊसाहेब. त्यांचं मंगल कार्यालय आहे, हजार माणसांचं. नारळ, हळदकुंकू, उदबत्ती असं सगळं घेऊन आले. चपला बाहेर काढल्या, मशीनकडं पाहिलं, मग खोलीच्या कोपऱ्यांतून नजर फिरवली.

"बाकीची कुठं हायेत?"

"बाकीची काय?"

"मशीनं. दहा जणांच्या दहा साइटा म्हनाला हुता न्हवं?"

मी सांगितलं, मशीन एकच. सगळे यातच राहणार. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मग मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. समजा एकच गेट आहे आणि आत दहा हॉल आहेत. पाहुणा गेटवर येऊन नाव सांगतो. वॉचमन यादीत नाव बघतो आणि पाहुण्याला त्या त्या हॉलकडं पाठवतो. हे मशीन म्हणजे तो वॉचमन आणि ते दहा हॉल!

मला स्वतःला उदाहरण फार आवडलं. भाऊसाहेब गंभीर झाले.

"मॅडम, एका दिवशी एका कार्यालयात दोन लग्नं आमी घेत न्हाई. चपलांपासून भांडनं हुत्यात."

तरीही त्यांनी नारळ फोडला. मग कुंकवात बोट बुडवून थांबले. "माझं नेमकं कुठं हाय यात?"

आता डिस्कवर कुठल्या ठिकाणी कुणाचं काय आहे हे मला तरी कुठं ठाऊक? मी घाईत डाव्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी तिथं मनोभावे कुंकू लावलं.

पुढच्या पंधरा दिवसांत जो गिऱ्हाईक झाला, तो आधी डाव्या कोपऱ्यावरचं कुंकू बघायचा, आणि मग विचारायचा, "मंग आमचा कोपरा कुठला?"

डब्याला कोपरे आठ. उरलेल्यांना मी बाजू दिल्या!

*

सुमनताईंची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी. त्यांची साइट मी चालू केली आणि एक चूक करून बसले. वॉचमनच्या यादीत त्यांचं नाव एकाच प्रकारे लिहिलं. पत्त्याच्या सुरुवातीला डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावलं तर रोपवाटिका बरोबर उघडायची. तसं कोण टाइप करतं हल्ली? आणि यादीत नसलेलं नाव आलं, की हा वॉचमन पाहुण्याला परत पाठवत नाही. यादीतल्या पहिल्या हॉलमध्ये नेऊन बसवतो!

पहिले होते भाऊसाहेब.

चार दिवस मला काहीच कळलं नाही. पाचव्या दिवशी भाऊसाहेबांच्याच कार्यालयात बसले होते, तेव्हा त्यांना फोन आला. त्यांनी ऐटीत स्पीकरवर टाकला.

"साइटवरनं नंबर घेतला. पुढल्या हप्त्यात पायजे हुतं."

"मिळंल की! कितीचा अंदाज हाय?"

"पाच हजार."

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. "पाच हजार! आपला हॉल हजाराचा, पन काळजी करू नका, म्होरं मांडव टाकू. मुलाकडचे का मुलीकडचे?"

"आं? काष्टीकडचे."

"न्हाई म्हंजे, जेवनाला काय ठेवायचं?"

"जेवान कशाला? टेम्पो आमचाच हाय. फकस्त ट्रेमधी नीट भरून द्या, मागच्या बारीला मुळ्या मोडल्या हुत्या!"

मी तिथूनच लॅपटॉप उघडून यादी दुरुस्त केली. दहा मिनिटांचं काम. भाऊसाहेबांची मनापासून माफी मागितली. तर आठवड्यानं तेच तक्रार घेऊन आले.

"मॅडम, तुमी काय केलं? पाचसहा फोन यायचे दिवसाला, समदे बंद झाले. हुतं तसं करून द्या!"

*

थंडीत एक दिवस खोलीत आले, तर मशीनच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं. वर झाकण, झाकणावर जुनी टोपी.

रशीदचाचांच्या घरातून चाची आल्या. "राहू दे, राहू दे, हलवू नको. विरजण लावलंय. घरात गारठ्यानं दही लागंना."

मी संतापले. चाचींना उभं करून सांगितलं, की यावर लोकांचे व्यवसाय चालतात. एक थेंब आत गेला तर सगळे बंद! फिनलंडमध्ये असल्या खोलीत जाताना पायात वेगळे बूट घालावे लागतात! चाचींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या लोकाला दही आवडत नसंल."

पातेलं राहिलं. त्याच्याखाली एक लाकडी पाट मात्र आला.

मी तेव्हा एक प्रोग्रॅम लिहिला होता. साइट बंद पडली, की मला लगेच मेसेज येणार. दोन महिने एकही मेसेज आला नव्हता आणि मी ते सगळ्यांना अभिमानानं सांगत होते.

एका सकाळी चाची दारात. "रात्री मशीन बंद हुतं का गं?"

"छे! मला मेसेज आला असता."

"मंग दही का लागलं न्हाई?"

मी हसत हसत तपासायला बसले. मध्यरात्रीनंतर लाइट गेली होती, इन्व्हर्टर उतरला होता आणि पाच तास सगळ्या साइट बंद होत्या. मेसेज आला नाही, कारण मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम त्याच मशीनवर होता!

चाचींनी पातेलं उचललं. जाता जाता म्हणाल्या, "तुला रोज सकाळी सांगत जाऊ का?"

आजही त्या रोज सांगतात. थंडी संपली तरी.

*

लग्नसराईच्या तोंडावर पट दहा झाला. आईला यादीचा फोटो पाठवला. तिनं उत्तर पाठवलं, "तारखेला बघू."

दहावे होते एक बँड मास्तर. लाल कोट, सोनेरी झालर, तोंडात कायम पान. त्यांनी पोरांकडून एका वरातीचा व्हिडिओ काढून घेतला आणि साइटवर टाकायला लावला. तो व्हिडिओ प्रवरेच्या दोन्ही काठांना पसरला! जो तो उघडून बघतोय. मशीन एक, त्याला आलेली इंटरनेटची वायर एक, आणि त्या वायरीतून दिवसभर नुसतं ट्रम्पेट वाहतंय. बाकी नऊ साइट गोगलगायीसारख्या चालायला लागल्या. कोपरगावच्या क्लासवाल्या सरांनी सरळ कळवलं की त्यांनी दुसरीकडं सोय केली आहे.

पट नऊ. अक्षय्य तृतीयेला सतरा दिवस.

दुसऱ्या दिवशी सुमनताई आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून बसल्या आणि म्हणाल्या, "मला यादी दाखवा."

"कसली?"

"त्या वॉचमनची."

मी स्क्रीन वळवली. त्यांनी बोट ठेवत ठेवत खाली नेलं. पहिलं भाऊसाहेबांचं, मग बाकीची. सगळ्यात शेवटी रोपवाटिका; दुरुस्तीच्या वेळी ती मी तळाशी टाकली होती आणि नवी नावं तिच्या वरच घालत गेले होते. सुमनताईंनी मोठा श्वास सोडला.

"म्हंजे मी टेलला हाय."

त्यांची जमीन कालव्याच्या पाटाच्या शेवटच्या टोकाला, टेलला आहे. पाणी सुटलं की आधी पाटाच्या तोंडाशी असलेल्या हेडवाल्यांचं भिजतं आणि टेलला पोचेपर्यंत पाट कोरडा होतो. तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलंय.

मी खुर्ची ओढून समजवायला बसले. ताई, हा पाट नाही. यादीतला पहिला आणि शेवटचा यांना सारखंच मिळतं. क्रमाचा वेगाशी काही संबंध नाही. अडचण व्हिडिओची आहे, तो मी लहान करून टाकते आहे. कागदावर चित्रं काढली. एक तास बोलले. सुमनताई मधेमधे मान हलवत होत्या, मला वाटलं पटतंय.

शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "पाटाचे सायेब बी असंच सांगत्यात."

*

मी हरले. म्हटलं, क्रमानं काहीच फरक पडत नाही ना? मग सुमनताईंचं नाव पहिलं टाकते. त्या खूश, मीही मोकळी!

ही बातमी भाऊसाहेबांना कुणी सांगितली, मला अजून ठाऊक नाही. तासाभरात ते दुकानात.

"नारळ कुनी फोडला?"

"तुम्ही."

"कुकू कुनाचं हाय?"

"तुमचं."

"पत्रिकेत पयलं नाव कुनाचं असतं, मॅडम? शिकल्या-सवरल्या तुमी. माझं नाव खाली जानार असंल तर माझी साइट काढून द्या, पिशवीत."

मी डोळ्यांनी पट आठ झालेला पाहिला. तेवढ्यात सुमनताई आल्या. मागोमाग बँड मास्तर, कारण त्यांना वाटलं त्यांचा व्हिडिओ कापल्याबद्दल मीटिंग आहे. सगळे रिवाइंडिंगला आलेल्या मोटरींवर बसले. रशीदचाचा तांब्याची तार गुंडाळत ऐकत होते. अर्ध्या तासानं तार बाजूला ठेवून म्हणाले, "पाळी लावा. रोज एक जण हेडला."

मी म्हणाले, "चाचा, पण हेड असं काही नसतंच..."

"तुमी मधी बोलू नका, मॅडम," तिघं एकदम म्हणाले. तिघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाळी ठरली. पण दिवस बारा तासांचा धरायचा का चोवीस? मग दिवसपाळी आणि रात्रपाळी आली. आणि रात्रपाळी म्हटल्यावर सगळे पुन्हा उठून उभे राहिले!

"रातची मी घेनार न्हाई. इच्चूकाट्याचं कोन जाईल?" सुमनताई म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला कुठंच जायचं नाही! तुम्ही घरी झोपायचं!"

"झोप लागती व्हय पाळी असल्यावर?"

बँड मास्तर म्हणाले, त्यांच्या वराती रात्रीच असतात, त्यांची काही हरकत नाही, पण ते पाऊसवाल्या रात्री घेणार नाहीत. शेवटी ठरलं, की रात्र सगळ्यांनाच आलटून पालटून, सूट कुणालाच नाही. मग मी, दोन वर्षं परदेशात शिकलेली, बसले आणि रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला यादीतला पहिला बदलणारा प्रोग्रॅम लिहिला. नऊ जणांचं पाळीपत्रक छापून खोलीच्या दारावर चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन. "मॅडम, काय पळतीय साइट!"

मी सांगितलं, ते व्हिडिओ लहान केल्यामुळं. नऊ जणांना सांगितलं. नऊ जण म्हणाले, "व्हय, व्हय." सुमनताईंनी वर विचारलं, "ही पाळी आधीच का लावली न्हाई?"

*

पट नऊवरच होता. पाच दिवस राहिले, तेव्हा लॅपटॉप पाठीला लावून एसटीनं काष्टीच्या बाजाराला गेले. तिथं एक शेळीपालनवाले भेटले. मी पहिल्यापासून सुरू केलं, समुद्रासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मशीन किती दाती हाय?"

मी गडबडले. मग लक्षात आलं, बाजारात जनावराचं वय दातांवरून बघतात.

"मशीनला दात नसतात. पण... सहा वर्षांचं आहे. जुनं घेतलंय, पण दणकट आहे."

"सहा वर्सं," ते म्हणाले. "आन् एका खुट्याला नऊ बांधलीत. आता मला दहावं बांधायला सांगता?"

"ते भांडत नाहीत हो! एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत!"

"मंग पाळी कशाला लावली?"

पाळीचं मीच उत्साहात सांगितलं होतं. परतीच्या एसटीत मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. श्रीगोंदा गेलं, नगर गेलं, राहुरी गेलं.

*

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोलीत बसून पुण्याला काय उत्तर लिहायचं याचा विचार करत होते. आईचा सकाळीच फोन आला होता. रागावली नव्हती. "नऊ का?" एवढंच विचारलं होतं, आणि मी "हो" म्हणाले होते.

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. कोंडाजीनाना त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीचं काय झालं ते विचारायला आले होते. नाना म्हणजे रिटायर पाटकरी. पाटाची दारं उघडायची, बंद करायची, कुणाची पाळी कधी ते बघायचं, यात त्यांची अख्खी नोकरी गेली. धोतर, पांढरी टोपी, खिशात चष्मा. रशीदचाचा म्हणाले, "बसा नाना, अर्ध्या तासात देतो."

नाना बसले नाहीत. माझ्या दारापाशी थांबले. खिशातला चष्मा काढून घातला आणि पाळीपत्रक वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. मग पुन्हा वरपासून.

"हे कुनी केलं?"

"मी."

"कंचा पाट हाय ह्यो? कवा काढला? मला ठावं न्हाई."

मी सांगितलं. या वेळी वॉचमन नाही, हॉल नाही, समुद्र नाही. थकले होते. एक मशीन आहे, नऊ जणांच्या वेबसाइट आहेत, त्यांना वाटतं हेड-टेल असतं, म्हणून पाळी लावली.

नानांनी पत्रकावरची नजर काढली नाही. "पानी चोरतं कोन?"

"कुणीच नाही. चोरताच येत नाही."

"दारं फोडतं कोन?"

"दार नाहीच, नाना."

"टेलला कमी पोचतं?"

"नाही. सगळ्यांना सारखंच पोचतं. पहिल्यापासून सारखंच पोचत होतं."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. माझ्याकडं पाहिलं. मग मशीनकडं. आत येऊन त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आन् तरी समदे पाळी पाळत्यात?"

"पाळतात. सुमनताई तर रात्रपाळी असली की जाग्या राहतात."

रशीदचाचांनी बाहेरून हाक मारली, "नाना, मोटर झाली!"

"ठेव," नाना म्हणाले. मग मला म्हणाले, "ह्यात माझं नाव घाल."

मी उठून उभी राहिले. "तुमची वेबसाइट? कशाची, नाना?"

"ते बगू निवांत. आदी पत्रकात घाल. आन् हे बग पोरी, मला रातची देऊ नको. लई राती काढल्यात मी पाटावर."